उंच इमारतींचं प्रकरण सुरू करण्याआधी: स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना खुलं पत्र

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकवणाऱ्या सर्व प्राध्यापकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे एक तास मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. उंच इमारतींचं प्रकरण सुरू कराल तेव्हा पहिल्या तासाला फळ्यावर एकही समीकरण लिहू नका. तो तास फझलूर रहमान खान यांना द्या. ढाक्यात जन्मलेले, शिकागोत संसार थाटलेले हे इंजिनिअर. जगातली त्या वेळची सगळ्यात उंच इमारत त्यांच्या हिशोबावर उभी राहिली. पुढे कामासाठी जेद्दाहला गेलेले असताना, घरापासून दूर, वयाच्या अवघ्या 52व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. तुम्ही जे प्रकरण शिकवता त्याचा फार मोठा भाग या एका माणसाच्या विचारातून आलेला आहे.

मी आयुष्यभर स्ट्रक्चरल डिझाइनचं काम केलं. निवृत्तीनंतर अधूनमधून व्हायवाला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावणं येतं आणि मी आनंदानं जातो. मुलं हुशार असतात. एका महाविद्यालयात एका मुलीनं मला फ्रेम्ड ट्यूब, ट्यूब-इन-ट्यूब, बंडल्ड ट्यूब हे उंच इमारतींच्या नळीसारख्या रचनेचे सगळे प्रकार क्रमानं सांगितले. शिअर लॅगचा, म्हणजे नळीच्या एका बाजूच्या सगळ्या कॉलमवर भार सारखा न येण्याचा, आलेख काढून दाखवला, कोपऱ्यातल्या कॉलमवर जास्त भार का येतो तेही नीट समजावलं. मी विचारलं, "हे सुचलं कुणाला?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, नोट्समध्ये नाव दिलेलं नाही." मी नोट्स चाळल्या. खरंच नव्हतं. तेव्हापासून जिथे जाईन तिथे हा प्रश्न विचारतो. हुक, ऑयलर, मोहर ही नावं मुलांना पाठ असतात, कारण ती नियमांना, सूत्रांना आणि वर्तुळाला चिकटलेली आहेत. खान यांच्या कामाला त्यांचं नाव चिकटलं नाही. ट्यूबला आपण नुसतं ट्यूब म्हणतो.

नुसतं नाव राहून गेलं असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. नावाबरोबर एक अख्खं आयुष्य वर्गाबाहेर राहिलं आहे. तुमच्या समोर बसलेल्या मुलांपैकी कितीतरी जण वर्ष-दोन वर्षांत परदेशी जाणार आहेत. नोकरी, व्हिसा, घरची माणसं, परत यायचं की नाही, हे सगळं त्यांच्या पुढ्यात येऊन ठेपणार आहे. आपण त्यांना शिअर लॅग शिकवून पाठवतो. या बाकीच्या गोष्टींसाठी आपल्याकडे त्यांना द्यायला काहीच नसतं.

खान यांचा जन्म 3 एप्रिल 1929चा. वडील गणिताचे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक, पुढे ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे प्राचार्य. इंजिनिअरिंगसाठी मुलगा कलकत्त्याजवळ शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. मध्येच फाळणी झाली. शिबपूर भारतात राहिलं आणि घर पाकिस्तानात गेलं. 1950 साली दंगली उसळल्या तेव्हा त्याला शिक्षण तिथेच सोडून ढाक्याला परतावं लागलं. पदवी अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून पुरी झाली. आजचं बांगलादेश अभियांत्रिकी व तंत्रज्ञान विद्यापीठ ते हेच. अमेरिकेला जायच्या आधीच या मुलानं एक देश गमावला होता, हे मुलांना जरूर सांगा. एरवी 'परदेशी गेलेला हुशार मुलगा' एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं आणि ते अपुरं आहे.

1952 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला गेले. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएच.डी. घेऊन बाहेर पडले. 1955 मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या इमारतींचं डिझाइन करणाऱ्या कंपनीत रुजू झाले.

आता जे सांगतो त्यावर वर्गात घाई करू नका. शिकागोत बस्तान बसत असताना हा माणूस मायदेशी परतला. कराची विकास प्राधिकरणात कार्यकारी अभियंता म्हणून रुजू झाला. हुद्दा मोठा, जबाबदारी मोठी. पण दिवस जायचा तो प्रशासनाच्या कामात. डिझाइन करायला वेळ उरेना. अखेर 1960 मध्ये ते पुन्हा शिकागोला, त्याच कंपनीत परतले. या वेळी कायमचे.

परदेशी गेलेल्या इंजिनिअरबद्दल आपण दोनच तऱ्हांनी बोलतो. एक तर पोरानं नाव काढलं म्हणतो, नाहीतर देशानं शिकवलं आणि फळं परक्यांनी खाल्ली म्हणतो. खान यांचं आयुष्य या दोन्हींत बसत नाही. ते परत आले होते. काम करायची इच्छा घेऊन आले होते. परत आलेल्या माणसाला आपण काय काम दिलं, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यातून उभा राहतो आणि त्याचं उत्तर जाणाऱ्याकडे मागता येत नाही. ज्याला वाऱ्याचा भार आणि काँक्रीटचा ताण कळतो, त्याला फायलींवर शेरे मारायला बसवलं तर तो किती दिवस बसेल? मी स्वतः इथेच राहिलो आणि इथेच काम केलं, त्याचं मला समाधान आहे. तरीही खान यांना मी दोष देऊ शकत नाही, आणि मुलांनीही तो देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यापेक्षा त्यांना विचारा: उद्या तुम्ही एखाद्या कार्यालयाचे प्रमुख झालात आणि असा माणूस परत आला, तर त्याच्या टेबलावर काय ठेवाल? या प्रश्नावर वर्ग बोलू लागेल. बोलू द्या.

ज्या वर्षी ते शिकागोला परतले त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली, यास्मिन. पत्नी लीझेलोटे ऑस्ट्रियातून आलेल्या. म्हणजे नवरा एका खंडातून आलेला, बायको दुसऱ्या, आणि घर तिसऱ्यात. अशा घरात आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर नसतात, आजारपणात धावून येणारी काकू-मावशी नसते. जे काही उभं करायचं ते दोघांनीच. खान यांना रवींद्रनाथांची गाणी बंगालीतून गायला फार आवडायचं. ढाका सुटलं, शिबपूर सुटलं, कराची सुटली, पण ही गाणी त्यांनी सोडली नाहीत.

1967 मध्ये त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. चारच वर्षांनी, 1971 मध्ये, पूर्व बंगाल पेटला. तेव्हा शिकागोत बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील आणि बांगलादेश डिफेन्स लीग या दोन संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या उभारणीत खान पुढे होते. एक मदत गोळा करायला, दुसरी अमेरिकी लोकमत आणि सत्ताधारी यांच्यापर्यंत तिथली हकिगत पोचवायला. तारखा जुळवून पाहा. त्याच काळात सिअर्स टॉवरचं काम जोरात चालू होतं. जगातल्या सर्वात उंच इमारतीची जबाबदारी खांद्यावर असताना हा माणूस जन्मभूमीतल्या निर्वासितांसाठी उभा राहत होता. नागरिकत्वाचा कागद बदलला म्हणून जन्मभूमीचं ऋण फिटत नाही, हे त्यांनी भाषणात सांगितलं की नाही हा मुद्दाच नाही. त्यांनी ते केलं.

आता कामाकडे येतो. तुम्ही हे रोज शिकवता, म्हणून मूलभूत गोष्टी पुन्हा सांगत नाही. मात्र कोणत्या क्रमानं सांगावं याबद्दल माझा थोडा आग्रह आहे.

आधी अडचण सांगा, मग उपाय. वाऱ्याचा भार सारखा धरला आणि ताठरपणा तोच ठेवला, तर उंची दुप्पट केल्यावर पायथ्याशी मोमेंट, म्हणजे इमारतीला उलटवू पाहणारा जोर, चौपट होतो आणि शेंड्याचं सरकणं सोळापट. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या बीम-कॉलमच्या चौकटीनं उंच जायचं तर प्रत्येक मजल्यागणिक पोलाद अवाच्या सवा वाढत जातं. गुरुत्वाकर्षणासाठी लागतं त्यापेक्षा हे जे जास्तीचं पोलाद नुसत्या वाऱ्यापायी लागतं, त्याला खान यांनी 'उंचीचा अधिभार' म्हटलं. हा अधिभार कमीत कमी कसा करायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलं असं म्हणायला हरकत नाही. 1960च्या दशकातल्या इंजिनिअरला हे प्रश्न बऱ्याच अंशी हातानं, आलेख आणि तक्ते काढून सोडवावे लागत. शिअर वॉल, म्हणजे वाऱ्याचा आडवा भार पेलणारी भिंत, आणि बीम-कॉलमची फ्रेम एकत्र काम करतात तेव्हा भार कसा वाटला जातो, यावर खान आणि त्यांचे सहकारी जॉन स्बारूनिस यांनी 1964 मध्ये जो शोधनिबंध लिहिला, तो आजही मूळ म्हणून सांगितला जातो. तो मुलांना वाचायला द्या. भाषा अवघड नाही. सॉफ्टवेअर जे उत्तर देतं त्याच्या पाठीमागे कुणाचं तरी डोकं किती दिवस राबलं होतं, ते त्या आलेखांत दिसतं.

मग एक साधा प्रयोग करा. सहा-सात जाड कागद घ्या. एकाची घडी घालून पट्टी करा, दुसऱ्याची गुंडाळून नळी करा आणि दोन्ही टेबलावर उभ्या धरून शेंड्याला बोटानं ढकलायला सांगा. कागद तेवढाच, वजन तेवढंच, फक्त द्रव्य मध्यापासून लांब नेलं. पट्टी लगेच वाकते, नळी उभी राहते. खान यांनी इमारतीच्या बाहेरच्या कडेला जवळजवळ कॉलम उभे केले, त्यांना खोल बीमनं बांधलं आणि सगळी बाहेरची भिंतच जमिनीत रोवलेल्या पोकळ नळीसारखी वाऱ्याला तोंड देईल अशी केली. शिकागोच्या डेविट-चेस्टनट या 43 मजली निवासी इमारतीत हे पहिल्यांदा उभं राहिलं. आतले खांब कमी झाले, खोल्या मोकळ्या झाल्या. विद्यार्थी पट्टी आणि नळी स्वतः ढकलून पाहतील तेव्हा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे द्रव्य मध्यापासून लांब नेल्यानं वाढणारा वाकण्याचा विरोध, हे शब्द त्यांना पुन्हा पाठ करावे लागणार नाहीत.

पुढचं पाऊल जॉन हॅन्कॉक सेंटर. 100 मजले, 344 मीटर, 1969. बाहेरच्या चारही बाजूंवर भलेथोरले तिरपे आडवे बांध, लांबून दिसतील अशा फुल्या. 1931च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला सुमारे 206 किलो पोलाद लागलं होतं. हॅन्कॉकला सुमारे 145 किलो. जवळपास तेवढेच मजले, आणि पोलाद एवढं कमी. मला या आकड्याचं कौतुक नुसतं अर्थशास्त्र म्हणून नाही. शिक्षकाच्या घरात वाढलेल्या, दंगलीत कॉलेज सोडाव्या लागलेल्या माणसाला वाया घालवणं सहन होत नसणार, असं मला हा आकडा वाचताना नेहमी वाटतं. हे माझं मत आहे, तुम्हाला पटलं नाही तर वर्गात सांगू नका.

पण या फुल्यांचं मूळ कुठे आहे ते मात्र सांगाच, कारण ते तुमच्या कामाचं आहे. खान कंपनीतल्या कामाबरोबरच शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवत. तिथे वास्तुविशारद मायरन गोल्डस्मिथ आणि ते मिळून विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहत. मिकिओ सासाकी नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांच्या हाताखाली तिरप्या बांधांच्या उंच इमारतीवर काम केलं, 1964 मध्ये. पुढच्या काहीच वर्षांत हॅन्कॉक सेंटर त्याच तत्त्वावर उभं राहिलं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याचा प्रबंध आणि 100 मजली इमारत यांच्यात एवढं कमी अंतर होतं. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणजे मागच्या बॅचच्या फाइलचं नवं कव्हर, असं कितीतरी ठिकाणी झालं आहे. तुमच्यापैकी बरेच जण त्यामुळे व्यथित आहेत हे मला ठाऊक आहे. गाइड स्वतः ज्या प्रश्नाशी झुंजतो आहे तोच प्रश्न विद्यार्थ्याला दिला तर काय होतं, त्याचं हे उदाहरण आहे.

हॅन्कॉकमध्ये खाली दुकानं आणि कार्यालयं, वर घरं. लोक तिथे राहतात, झोपतात, मुलं वाढवतात. 44व्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे. जमिनीपासून इतक्या उंचीवर घर असेल तर हिशोब नुसता कोसळण्याचा राहत नाही. इमारत वाऱ्यात किंचित डोलते, ती डोलणारच. पण रात्री दोन वाजता अंथरुणात पडलेल्या माणसाला ते जाणवलं तर? त्याला घेरी आली तर? किती हेलकावा माणसाच्या लक्षात येतो, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. खान यांनी शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयातला एक हलता मंच वापरून त्यावर माणसांना नेलं आणि हालचाल कधी जाणवू लागते ते तपासलं. मला त्यांच्या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत प्रिय आहे. इमारत पडणार नाही हे सिद्ध झाल्यावर बहुतेक इंजिनिअर पेन्सिल खाली ठेवतात. यांनी नंतर विचारलं की आत राहणाऱ्याला कसं वाटेल. हा प्रश्न विचारणारा माणूस कोणाच्या तरी घरचा माणूस असतो. डिझाइन करताना आपण स्वतःला त्या संपूर्ण इमारतीच्या जागी ठेवतो, तिचा प्रत्येक भाग आपल्या अंगात जाणवून घेतो, असं ते सांगत. पोलादाला काय होतं आणि माणसाला काय होतं, या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच हिशोबात मोडत होत्या.

त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. तंत्र जाणणाऱ्या माणसानं आपल्याच तंत्रात हरवून जाऊ नये. त्याला आयुष्याचा आस्वाद घेता आला पाहिजे, आणि आयुष्य म्हणजे कला, नाट्य, संगीत आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माणसं. पुष्कळ ठिकाणी हे वाक्य सुविचारासारखं भिंतीवर लावलेलं असतं. कृपा करून वर्गात ते सुविचार म्हणून सांगू नका. वर सांगितलेल्या हलत्या मंचाबरोबर सांगा, म्हणजे ते कुठून आलं ते कळेल.

सिअर्स टॉवरबद्दल थोडक्यात. 110 मजले, 442 मीटर. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांनी हातातल्या सिगारेटी कमी-जास्त उंचीवर धरून बंडल्ड ट्यूबची कल्पना खान यांच्यासमोर मांडली, असं सांगितलं जातं. नऊ चौरस नळ्या, प्रत्येकीची बाजू 75 फूट, एकमेकींना खेटून. दोन 50व्या मजल्यावर थांबतात, दोन 66व्या, तीन 90व्या, उरलेल्या दोन शेवटपर्यंत जातात. आतल्या सामाईक चौकटींमुळे शिअर लॅग कमी होतो, हे तुम्ही शिकवताच. 1998 पर्यंत तिच्याहून उंच इमारत जगात नव्हती. 2009 पासून तिचं नाव विलिस टॉवर आहे.

आणि मग जेद्दाह. शिकागोत आकाशाला भिडणाऱ्या इमारती उभ्या करणाऱ्या या माणसाच्या अखेरच्या मोठ्या कामांत एक तंबू आहे, हे ऐकून मुलं चकित होतील. हज यात्रेकरूंसाठी किंग अब्दुलअझीझ विमानतळावर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या फायबरग्लास कापडाचे 210 तंबू, प्रत्येक 45 मीटर चौरस, पोलादी केबलींवर ताणलेले. वाळवंटातल्या उन्हात लाखो माणसांना सावली हवी होती आणि वातानुकूलन सगळीकडे करणं शहाणपणाचं नव्हतं. तंबूच्या वरच्या टोकाशी उघडं तोंड ठेवलं, गरम हवा वर निघून जाते. तिथे काँक्रीट चालणार नव्हतं म्हणून कापड घेतलं. ठरावीक साच्याला चिकटून बसायची सवय या माणसाला नव्हतीच. विमानतळ 1981 मध्ये सुरू झाला. 27 मार्च 1982 रोजी खान जेद्दाहमध्येच गेले. या तंबूंच्या कामाला 1983 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला तेव्हा ते नव्हते. त्यांना शिकागोला आणलं आणि ग्रेसलँड दफनभूमीत ठेवलं. लुई सलिव्हन आणि मीस व्हान डेर रोह हे शिकागोचे थोर वास्तुविशारद तिथेच आहेत.

त्या वेळी यास्मिन बावीस वर्षांचीही नसेल. ती पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली. 2004 मध्ये तिनं वडिलांच्या कामावर एक पुस्तक लिहिलं, त्यांच्या जाण्यानंतर 22 वर्षांनी. हे पुस्तक वडिलांच्या गुणगानाचं नाही. त्यात एकेका इमारतीचा विचार, त्यातले पेच, सहकाऱ्यांबरोबरचे वाद आहेत, एका इंजिनिअरनं दुसऱ्या इंजिनिअरचं काम वाचलं आहे. त्यांचे सगळे मानसन्मान मी एका पारड्यात टाकतो आणि हे पुस्तक दुसऱ्यात. ज्या घरात कामानं वडिलांना गिळून टाकलेलं असतं, त्या घरातलं मूल ते काम हातात घेत नाही. आम्हा इंजिनिअरांच्या घरांत हे वारंवार दिसतं. मुलं साइटचं नाव काढलं की तोंड फिरवतात, कारण साइटनं त्यांचे रविवार नेलेले असतात. खान यांच्या मुलीनं तेच काम निवडलं आणि वीस-बावीस वर्षांनीही तिला त्यांच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. बाप म्हणून त्यांच्याबद्दल मला आणखी कुठला दाखला नको.

मानसन्मान तसे पुष्कळ. 'इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड'नं 1972 मध्ये त्यांना वर्षाचा मानकरी ठरवलं, 1973 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत निवड झाली, बांगलादेशानं मरणोत्तर स्वातंत्र्य पुरस्कार दिला. उंच इमारतींच्या जागतिक परिषदेचं एक पदक त्यांच्या नावानं दिलं जातं. 2009 मध्ये कैरोच्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी मुस्लिम अमेरिकनांनी देशातली सर्वात उंच इमारत बांधल्याचा उल्लेख केला, तो खान यांच्याकडेच बोट दाखवत होता. वर्गात या यादीवर दोन मिनिटांहून जास्त वेळ घालवू नका. मुलांना पुरस्कारांची भुरळ लवकर पडते आणि मग गोष्ट तिथेच संपते.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम आधीच गच्च आहे, एक तास काढायचा कुठून? मलाही शिकवण्याचा थोडा अनुभव आहे, ही अडचण खोटी नाही. पण आता आपल्याकडे उंच इमारतींसाठी आयएस 16700 हे मानक 2017 पासून आहे. 50 मीटरपासून 250 मीटरपर्यंतच्या काँक्रीट इमारतींसाठीचं. त्यातल्या तक्त्यात भिंत आणि फ्रेम्ड ट्यूब मिळून होणारी रचना वेगळी नोंदवलेली आहे. तुमचे विद्यार्थी मुंबई-ठाण्यात नोकरीला लागताच त्या तक्त्यातली ओळ वापरणार आहेत. ती ओळ कुठून आली हे कळलं तर ती कधी वापरायची आणि कधी नाही, याची समज लवकर येईल. म्हणजे हा तास अभ्यासक्रमाच्या बाहेरचा धरू नका. त्या प्रकरणाचा पाया म्हणूनच धरा.

आणखी एक. जी मुलं परदेशी जाणार आहेत त्यांना तासानंतर थांबवून सांगा की हा माणूस सगळीकडे परका होता. शिबपूरला, अर्बानाला, शिकागोला, आणि कराचीतही, कारण कराची त्याच्या देशात असली तरी त्याचा बंगाल नव्हती. एवढ्या ठिकाणी परका राहूनही त्यानं घर केलं, मित्र केले, ग्रॅहमसारख्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, विद्यार्थी घडवले, गाणी जपली, जन्मभूमीसाठी धावला. तिकडे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात, एकट्या खोलीत, यातलं काही ना काही त्यांच्या उपयोगी पडेल. जी मुलं इथेच राहणार आहेत त्यांना कराचीची गोष्ट पुरेशी आहे. एक दिवस तीच मुलं खुर्चीवर असतील.

शेवटी व्यवहाराचं. हा तास त्यांच्या जयंतीला ठेवू असं कोणी सुचवेल. तसं करू नका. 3 एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेक ठिकाणी प्रकरण शिकवून झालेलं असतं, मुलं सबमिशनच्या गडबडीत असतात, आणि जयंती म्हटलं की हार, दीपप्रज्वलन, भाषणं येतात. ज्या दिवशी उंच इमारतींचं प्रकरण उघडाल त्याच दिवशी, नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या वेळी हा तास घ्या. जाड कागद बरोबर न्या, 1964चा तो निबंध छापून न्या. माझ्याकडे त्यांच्या इमारतींचे आराखडे आणि कॉलमच्या मांडणीची मी वर्षानुवर्षं काढत आलेली रेखाटनं आहेत. ज्यांना हवी असतील त्यांना मी देईन. कोणाला वेळच नसेल तर मला बोलवा. मी येऊन तो तास घेईन, मानधन नको. पुढच्या व्हायवाला येईन तेव्हा पहिला प्रश्न हाच असेल, हे तुमच्या विद्यार्थ्यांना आजच सांगून ठेवलंत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर